थोरलीची खोड

सासऱ्यांच्या शेजारी बसून विमान चालवणाऱ्या सुना जगात किती असतील कुणास ठाऊक, पण असतील तेवढ्यांच्या सहनशक्तीला एकदा हात जोडायला हवेत. घरात सासऱ्यांशी वाजलं तर माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसू शकतो. कॉकपिटला दुसरी खोली नसते. कोपराला कोपर लागतं, एकाच्या थर्मासचा वास दुसऱ्याच्या नाकात जातो, आणि तोंड फिरवायचं म्हटलं तरी बाहेर आकाशच असतं.

तरी या दोघांचं बरं चाललं होतं. दोघं ज्या कंपनीत होते तिच्याकडे विमानं दोनच, दोन्ही आठ-आठ आसनांची, शेपटीकडे दोन इंजिनं असलेली. जुनं ते थोरली, नवं ते धाकटी. सासरे कॅप्टन, आणि थोरलीवर अगदी पहिल्या दिवसापासून होते. सून को-पायलट म्हणून शेजारी आली तेव्हा त्यांनी एक नियम घालून दिला. पट्टा बांधला की नातं खाली राहिलं. वर ते 'सर' आणि ती 'तुम्ही'. खाली उतरलं की ते 'बाबा' आणि ती 'तू'. नियम दोघांनीही इतका पाळला की एकदा जेवताना तिच्या तोंडून 'मीठ द्या, सर' असं निघून गेलं आणि तिचा नवरा ठसका लागेपर्यंत हसला.

हा नवरा त्याच कंपनीत मेकॅनिक. कॅप्टनांना त्याला पायलट करायचं होतं. त्यानं ट्रेनिंग अर्ध्यावर सोडलं आणि पाने हातात घेतले, कारण यंत्रात बसून मिरवण्यापेक्षा यंत्राच्या पोटात शिरायला त्याला जास्त आवडायचं. बापानं ते मनावर घेतलं ते घेतलंच. 'आमचे चिरंजीव हँगरमध्ये असतात,' असं ते सांगत, आणि अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्यानं तब्येतीची चौकशी करावी. त्यांच्या लेखी मुलाचं कुठलंही काम कधी पुरं झालेलं नसे. फार तर 'झालं म्हणे' असे. सुनेला हे लागायचं. पण घरातली शांतता तिला प्यारी होती, म्हणून ती ऐकून घेत असे.

थोरलीला एक खोड होती. उजव्या पंखातल्या टाकीचा काटा खोटं बोलायचा. टाकी अर्ध्यावर आली की तो थोडा घसरायचा आणि असेल त्यापेक्षा कमी इंधन दाखवायचा. डावा काटा मात्र सरळमार्गी. दोन काट्यांत असं अंतर पडलं की समोर पिवळा दिवा लागे, म्हणजे दोन्हीकडचं इंधन सारखं करा. त्यासाठी क्रॉसफीड नावाची झडप असते. ती उघडून एका बाजूचा पंप बंद केला की दुसऱ्या बाजूची टाकी दोन्ही इंजिनांना पाजू लागते. चेकलिस्टमध्ये या झडपेच्या आधी एक ओळ आहे, गळती नाही याची खात्री करा. पण खात्री काय करायची? थोरलीची खोड आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कॅप्टन झडप उघडायचे, थोड्या वेळानं डावा काटा खाली येऊन उजव्याला मिळायचा, दिवा विझायचा, झडप बंद व्हायची. ती ओळ वाचणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, आणि त्यांचं बघून तिनंही.

या आठवड्यात नवऱ्यानं ही खोड काढायची असं ठरवलं. टाकीतलं इंधन मोजणारा दांडा बदलायचा, त्याच्या तारा बदलायच्या. तिथं हात पोचायला विमानाच्या पोटाखालचं एक पॅनेल काढावं लागतं आणि मध्ये येणारी इंधनाची नळी जोडापाशी सोडवावी लागते. आज दुपारी ती हँगरमध्ये गेली तेव्हा तो थोरलीखाली पाठीवर पडलेला होता. फक्त बूट दिसत होते. हत्यारांच्या ट्रॉलीवर मापाच्या पान्याची लाल पेटी होती. हा पाना मोठा शहाणा असतो. जोड हवा तेवढा आवळला गेला की 'टक' करून सांगतो. पेटीच्या झाकणावर नवऱ्याचा डबा ठेवलेला होता, अर्धा खाल्लेला.

"लागला काटा," तो खालून म्हणाला. "आता वर गेल्यावर डोळे मिटून विश्वास ठेव. केसभर इकडे तिकडे होणार नाही."

मग तो सरकून बाहेर आला आणि त्यानं ट्रॉलीकडे हात केला. तेवढ्यात ट्रॉलीवर ठेवलेला त्याचा फोन वाजला. हात तेलकट, म्हणून त्यानं कोपरानं तो स्पीकरवर टाकला.

"झालं का?" कॅप्टनांचा आवाज अख्ख्या हँगरभर घुमला.

"काटा लागला, बाबा. आता एवढी नळी..."

"तुझं एवढं-तेवढं मला पाठ आहे. मालकीणबाई घरून निघाल्यात. पॅनेल लाव आणि विमान बाहेर काढ."

"हो," नवरा म्हणाला आणि परत खाली सरकला. पॅनेल लागलं. तिनं पेटीवरचा डबा उचलून झाकण लावलं, त्याला दिला, आणि ती आपल्या कामाला गेली.

आता खाली समुद्र होता. ऊन अजून कडक होतं आणि पाण्यावर एकही बोट दिसत नव्हती. मागे मालकीणबाई आणि त्यांचे वकील बसले होते. मालकीणबाईंची औषधांची कंपनी, थोरली-धाकटी दोन्ही विमानं तिचीच. समुद्रापलीकडच्या शहरात त्यांची संध्याकाळी बैठक होती, आणि वकील आधीच झोपले होते. ऑटोपायलट विमान नेत होता. कॅप्टन थर्मासचं झाकण फिरवत होते, आणि पिवळा दिवा लागला.

"आली थोरलीला आठवण," कॅप्टन म्हणाले. "उघडा क्रॉसफीड. उजवा पंप बंद."

तिनं काट्यांकडे पाहिलं. उजवा डाव्याच्या बराच खाली होता.

"सर, काटा नवा आहे. आजच बसवलाय."

"बसवलाय कोणी?"

तिनं नव्या काट्याच्या काचेवर बोट ठेवलं.

"दोन दिवस विमान अडवून ठेवलं आणि खोड होती तिथंच. मला माहीतच होतं. उघडा."

आणि तिनं झडप उघडली. पुढे कितीदा तरी तिनं स्वतःला विचारलं, का उघडली? तिला माहीत होतं की काटा नवा आहे. चेकलिस्ट हाताशी होती. पण हाताला सवय होती, आणि कानाला त्या आवाजाची सवय त्याहून जुनी होती. मन 'थांब' म्हणेपर्यंत बोटांनी झडप फिरवली होती, पंपही बंद केला होता.

कॅप्टनांनी कॉफी ओतली. ती काट्यांकडे बघत राहिली, आणि तिच्या डोक्यात एक विचित्र हिशेब सुरू झाला. नवऱ्याचं काम चोख असेल तर काटा खरा. काटा खरा असेल तर उजव्या टाकीतलं इंधन खरंच कुठेतरी जातंय. आणि नवऱ्यानं काम बिघडवलं असेल, तर मात्र सगळं छान आहे, कॉफी प्यायला हरकत नाही. कुठल्या बायकोवर अशी वेळ येते, की आपला नवरा बिनकामाचा निघावा म्हणून मनातल्या मनात देवाला विनवायचं?

"सर, पंख बघून येते."

"या बघून. तेवढेच पाय मोकळे होतील."

ती केबिनमध्ये गेली. उजवीकडच्या खिडकीला तिनं कपाळ टेकवलं. उंचावर गळणारं इंधन पांढऱ्या धुरासारखं मागे पसरतं, ते लपत नाही. पंख कोरडा ठक्क होता. ऊन त्यावर चकाकत होतं.

"काय शोधताय?" मालकीणबाईंनी कागदांतून मान वर केली.

"काही नाही, बाई. नेहमीची पाहणी."

"नेहमी तर कुणी बघत नाही."

यावर हसून ती परत आली आणि तिनं पट्टा बांधला.

"मग? वाहतेय का गंगा?"

"पंख कोरडा आहे."

"झालं तर मग," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

तिलाही हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर दुपारचे ते बूट आले. नवरा पंखाखाली नव्हता. तो विमानाच्या पोटाखाली होता. नळी तिथून पोटातून मागे इंजिनाकडे जाते. तिथं काही गळत असेल तर ते पोटाखालून सरळ मागे वाहत जाईल आणि खिडकीतून कधीच दिसणार नाही. मग तिला डबा आठवला. पॅनेल लागल्यावर तिनंच तो उचलला होता, लाल पेटीच्या झाकणावरून. म्हणजे तोपर्यंत पेटी उघडलेलीच नव्हती. आणि ती एवढा वेळ तिथं उभी होती, पण तो 'टक' आवाज तिनं ऐकलाच नव्हता.

गळती असेल तर ती कुठे आहे आणि कुणाच्या हातची आहे, हे या क्षणी जगात फक्त तिला माहीत होतं. तोंड उघडलं तर नवऱ्याचं नाव जाणार. नाही उघडलं तर चार माणसं समुद्रात जाणार, आणि नवऱ्याचं नाव तरीही जाणार.

तिनं डाव्या काट्याकडे पाहिलं. आता दोन्ही इंजिनं डाव्या टाकीवर होती, म्हणजे तो भरभर उतरणं साहजिक होतं. पण किती भरभर? समोर दोन छोट्या खिडक्यांत प्रत्येक इंजिन किती पितंय ते दिसत होतं. तिनं बेरीज केली, घड्याळ पाहिलं, परत बेरीज केली. डावी टाकी त्याहून कितीतरी वेगानं रिकामी होत होती. दोघांचं पिणं धरूनही हिशेब जुळत नव्हता.

"सर, क्रॉसफीड बंद करते. गळती आहे."

"पंख कोरडा आहे म्हणालात."

"पंखात नाही, पोटात आहे. आणि आता आपण डावीकडचंही तिकडे पाठवतोय."

"अहो, ही खोड आहे. किती वर्षं बघतोय मी."

"उजव्या काट्याची खोड. डावा कधी खोटं बोललाय?"

कॅप्टनांचा कप वाटेतच थांबला.

"बाबा," ती म्हणाली. वर असताना हा शब्द तिनं आजवर कधी उच्चारला नव्हता. "त्यानं बसवलेल्या काट्यावर विश्वास ठेवू नका हवं तर. पण डावा काटा तुमचा आहे. डाव्याचं तरी ऐका."

त्यांनी डाव्या काट्याकडे पाहिलं. मग इंजिनांच्या खिडक्यांकडे, मग परत काट्याकडे. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, बेरीज चालली होती. एवढा वेळ आरामात रेलून बसलेला माणूस ताठ झाला आणि कप हातातून कधी खाली ठेवला गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"बंद कर," ते म्हणाले. "उजवा पंप चालू. चेकलिस्ट काढ. पहिल्या ओळीपासून वाच."

आता मात्र ते खरे कॅप्टन होते, हे त्यांच्या कट्टर वैऱ्यानंही मान्य केलं असतं. ओरडणं नाही, आदळआपट नाही. तिनं झडप फिरवली आणि वाचायला सुरुवात केली. डाव्याची घसरण मंदावली, एका इंजिनापुरती झाली. उजवा धबाधबा खाली येत होता. जी ओळ ते वर्षानुवर्षं गाळत आले होते ती तिनं मोठ्यानं वाचली, आणि त्यांनी मान हलवून 'आहे, गळती आहे' असं उत्तर दिलं.

पुढची ओळ वाचायला तिला जड गेलं. त्या बाजूचं इंजिन बंद करा, पंप बंद करा.

"चालतंय ते," कॅप्टन म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते. "चांगलं ठणठणीत चालतंय."

भर समुद्रावर एक चालतं इंजिन आपल्या हातानं विझवायचं म्हणजे जिवावर येतं. पण गळणारं इंधन पोटाखालून मागे जात होतं, आणि मागे इंजिनं तापलेली होती. एवढ्यात भडका उडाला नव्हता ही मेहेरबानीच म्हणायची. शिवाय पंप चालू असेपर्यंत नळीत दाब, आणि दाब असेपर्यंत गळती.

"उजवं," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी उजव्या इंजिनाच्या दांड्यावर, थ्रॉटलवर, हात ठेवला. "तूही बघून सांग. उजवंच ना?"

"उजवंच, सर."

अशा घाईत माणसानं चांगलं इंजिन बंद केल्याच्या गोष्टी दोघांनाही ठाऊक होत्या, म्हणून दोघांनी दोनदा पाहिलं. मग थ्रॉटल मागे आलं, उजव्या इंजिनाची इंधनाची झडप लागली, पंप बंद झाला. मागचा एक आवाज हळूहळू खोल जात नाहीसा झाला. विमानानं नाक किंचित वळवलं आणि कॅप्टनांनी पायानं ते सरळ केलं.

दोघंही उजव्या काट्याकडे बघत होते. टाकीत तळाशी थोडंसंच उरलं होतं. काटा थोडा हलला आणि थांबला. तो पुन्हा हललाच नाही.

"थांबला," ती म्हणाली.

"थांबला," कॅप्टन म्हणाले. जुना काटा असता तर तो असा थांबला नसता, मनाला येईल तसा घसरत राहिला असता. हे दोघांनाही समजलं.

एका इंजिनावर विमान त्या उंचीवर राहत नाही, खाली यावंच लागतं, आणि खालच्या दाट हवेत इंधन जास्त लागतं. तिनं जमिनीवरच्या कंट्रोलला मेडे, म्हणजे संकटाचा इशारा, दिला. आवाज स्थिर होता याचं तिलाच नवल वाटलं. कंट्रोलनं किनाऱ्यावरचा एक लहान विमानतळ सांगितला, एकच रनवे असलेला. मागे वळण्यापेक्षा तो जवळ होता. तिनं हिशेब मांडला. इंधन पोचण्यापुरतं होतं. पहिल्या खेपेला उतरणं जमलं नाही तर फिरून यायला मात्र पुरणार नव्हतं. आणि हे जे कमी पडत होतं, ते तिनं झडप उघडल्यापासून समुद्रात गेलेलं होतं. तिचा जीव तुटत होता, पण तुटलेल्या जिवाला तिनं सांगितलं की आता गप बस, मागाहून रड.

कॉकपिटच्या दाराशी मालकीणबाई उभ्या राहिल्या.

"एक आवाज कमी झालाय," त्या म्हणाल्या. "आणि खोटं सांगू नका. दिवसभर मला लोक खोटंच सांगतात, मला लगेच कळतं."

"एक इंजिन आम्हीच बंद केलंय," कॅप्टन मागे न बघता म्हणाले. "इंधन गळत होतं. दुसरं चांगलं आहे. किनाऱ्यावर उतरतोय."

"तिथवर पुरेल?"

कॅप्टनांनी सुनेकडे पाहिलं. उत्तर त्यांनी तिच्यावर सोडलं होतं, आणि हेही आजवर कधी झालं नव्हतं.

"पुरेल," ती म्हणाली. "उरणार नाही, पण पुरेल."

मालकीणबाईंनी क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वकिलांना उठवू का?"

"पट्टा बांधून द्या आणि झोपू द्या," कॅप्टन म्हणाले. "जागे झाले तर नोटीस काढतील."

मालकीणबाई हसल्या आणि मागे जाऊन त्यांनी आधी वकिलांचा पट्टा बांधला.

त्यानंतरचा वेळ फार लांब होता. कॅप्टन विमान सांभाळत होते आणि अधूनमधून एकच प्रश्न विचारत होते, "काटा काय म्हणतो?" ती आकडा सांगायची. ते मान हलवायचे. पाणी हळूहळू वर येत होतं, लाटांच्या पांढऱ्या कडा दिसायला लागल्या होत्या. मग समोर किनाऱ्याची तपकिरी रेघ दिसली आणि त्याच वेळी डाव्या टाकीचा लाल दिवा लागला. तळ जवळ आल्याची ती खूण होती.

"मला दिसला रनवे," कॅप्टन म्हणाले. "तुला?"

"दिसला."

"आपण थोडे उंचावरून येतोय. मुद्दाम. वाटेत इंजिन गेलंच तर तरंगत पोचू. चाकं उशिरा सोड, मी सांगेन तेव्हा."

"हो, बाबा."

नियम आता कुणाच्या लक्षात नव्हता. घरांची छपरं खालून सरकली, एक कुंपण, एक ओसाड मैदान. 'आता,' असं ते म्हणाले आणि तिनं चाकं सोडली. चाकं पक्की बसल्याचे तीन हिरवे दिवे लागले. विमान रनवेच्या सुरुवातीवरून गेलं, नाक उचललं, आणि चाकं टेकली. इतकी हलकी टेकली की मागे वकिलांची झोप मोडली नाही. कॅप्टनांनी ब्रेकही बेतानं लावले, कारण तापलेल्या ब्रेकवर गळतं इंधन पडायला नको होतं. आगीचा बंब शेजारून धावत होता. विमान थांबलं, राहिलेलं इंजिन बंद झालं, आणि दोघं हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

"चला," शेवटी कॅप्टन म्हणाले. "खाली उतरू."

बंबाच्या माणसांनी सगळं तपासून हिरवा झेंडा दाखवल्यावर तिथला मेकॅनिक पोटाखाली शिरला. पोक्त माणूस होता, बोलणं कमी. आधी त्यानं उजव्या टाकीतलं इंधन काठीनं मोजलं आणि कॉकपिटमधला काटा पाहून आला.

"काटा अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "एवढं नेमकं मी फार कमी पाहिलंय. कुणी बसवला?"

कॅप्टनांनी टॉर्च उचलून त्याच्या हातात दिली. मग मेकॅनिकनं पॅनेल काढलं. आतून इंधनाचा उग्र दर्प आला. त्यानं टॉर्च मारली, दोन बोटांनी नळीचा जोड धरला आणि फिरवला. जोड सहज फिरला.

"हातानंच आवळलाय. पाना लागलेलाच नाही. खाली गळला नसणार. वर थरथरीनं सुटत गेला." तो उठून हात पुसू लागला. "काटाही यानंच बसवला असेल, तर चमत्कारिकच माणूस म्हणायचा."

कॅप्टन थोडे बाजूला गेले आणि त्यांनी फोन काढला. ती मागोमाग गेली. आयुष्यभर मुलाच्या कामात खोट शोधणाऱ्या माणसाच्या हाती आज अस्सल खोट लागली होती, तीही अशी की यापुढे कुणी त्यांना काही बोलू शकणार नव्हतं. ती फोन हिसकावून घ्यायच्या बेतात होती. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा?" नवऱ्याचा आवाज आला. "पोचलात?"

"तुझा काटा बरोबर होता," कॅप्टन म्हणाले. "केसभर इकडे तिकडे नाही."

बापाच्या तोंडून कौतुक ऐकल्यावर या मुलाला एकच गोष्ट सुचू शकत होती, की काहीतरी भयंकर घडलंय.

"ती कुठे आहे?"

"इथं आहे, माझ्याजवळ. सगळे सुखरूप आहेत. दुसरीकडे उतरलोय."

"नळीचा जोड," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"मी हातानं आवळला होता, बाबा. पाना घ्यायला बाहेर सरकलोच होतो, आणि..." तो थांबला. दुपारी ट्रॉलीकडे गेलेला त्याचा हात तिला आठवला. तिला तेव्हा वाटलं होतं की हात डब्यासाठी आहे. पुढचं वाक्य त्याच्या अगदी ओठांवर असणार, आणि ते खरंही होतं. ती वाट बघत राहिली. पण त्यानं ते गिळलं. "चूक माझी आहे. कोणी विचारलं तर मी तसंच सांगेन."

कॅप्टन विमानाकडे बघत होते. उघड्या पॅनेलमधून एक एक थेंब अजून खाली पडत होता.

"आणि माझा फोन आला," ते म्हणाले.

"बाबा, तुमचं काय त्यात. तुम्ही तर नेहमीच..."

"तेच म्हणतोय मी. नेहमीच." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "आज हिलाही मी तसंच दामटलं. झडप उघड म्हणालो आणि तिनं उघडली. तुम्ही दोघं माझं फार ऐकता रे."

त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला, टोपी सारखी केली आणि ते मालकीणबाईंकडे चालू लागले. मालकीणबाई बंबाशेजारी उभ्या होत्या, आणि डोळे चोळत वकील त्यांना काहीतरी विचारत होते.

"अगं, बोल ना," फोनमधून नवरा म्हणत होता. "बाबा कुठे गेले? काय करतायत?"

तिला इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. कॅप्टन बोलत होते. त्यांनी हात लांब करून विमानाच्या पोटाकडे बोट दाखवलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"सांगतायत," ती म्हणाली, आणि इतका वेळ थोपवलेलं रडू तिला आता आलं. "फोन कुणाचा होता ते सांगतायत."